प्रार्थनेत आता रडू येत नाही, म्हणजे मी मागे पडलोय का?

सलाम दादा.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे हे उत्तर कितपत मनावर घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी नगर जिल्ह्यातली, हायस्कूलला मराठी शिकवायचे, आता रिटायर झालेय. मिस्टर चर्चचे पाळक होते, बदल्यांपायी पाच गावच्या मंडळ्या, म्हणजे चर्चं, बघून झाल्या, आणि नवीन बाप्तिस्मा घेतलेल्या पोरापोरींना घेऊन बसायचं काम दर ठिकाणी आपोआप माझ्याकडे यायचं कारण पाळकसाहेबांना वेळ नसायचा आणि माझ्याकडे चहा असायचा. अशी तीस-बत्तीस वर्षं गेली. थिऑलॉजीची डिग्री वगैरे काही नाही, जे सांगतेय ते माणसं बघून आणि स्वतः आपटून शिकलेलं आहे.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. वय २९, चिंचवडला नोकरी, घर हिंदू, बाप्तिस्म्याला ३ वर्षं झाली. पहिलं वर्षभर पहाटे ४ ला उठून प्रार्थना, डोळ्यांना धार, बायबलचं वचन वाचताना अंगावर काटा. आता सात-आठ महिने काहीच वाटत नाही, ॲपवरचा रीडिंग प्लॅन टिक करायचा आणि काय वाचलं ते दुपारपर्यंत विसरायचं. ग्रुपचे लीडर म्हणतात विश्वास कमी पडतोय, कुठेतरी लपलेलं पाप आहे, २१ दिवस उपवास करा. आणि मध्येच एका ओळीत तुम्ही लिहिलंय की गणपतीत आईशी वाजलं, तेव्हापासून बोलणं जवळपास बंद आहे. त्यानंतर पुन्हा मूळ प्रश्न, की आध्यात्मिक परिपक्वता यायला रोज किती तास प्रार्थना करावी आणि कुठली पुस्तकं वाचावी.

मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न त्या मधल्या ओळीत आहे. तासांचं आणि पुस्तकांचं शेवटी बघू.

पण त्याच्याही आधी दोन गोष्टी तपासून घ्यायच्या कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. पहिली, तुमची तब्येत. हसू नका. एका गावी नर्सिंग शिकणारी मुलगी माझ्याकडे यायची, म्हणायची बाई प्रार्थनेत मन लागत नाही, सगळं कोरडं वाटतं, देव लांब गेलाय. मी तिला स्तोत्रं लावून दिली, एक झालं की दुसरं, तीन महिने. शेवटी हॉस्टेलच्या पायऱ्यांवर चक्कर येऊन पडली तेव्हा तपासणी झाली, हिमोग्लोबिन साडेसहा. तिला स्तोत्रांच्या आधी लोहाच्या गोळ्या हव्या होत्या आणि मी तिच्या आत्म्याचं ऑपरेशन करत बसले होते. तेव्हापासून कोणी कोरडं वाटतं म्हणालं की मी पहिलं विचारते झोप किती, जेवण कसं, शिफ्ट कुठली. बायबलमध्ये पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून मरण मागतोय, आणि देवदूत काय करतो तर त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो खातो, पुन्हा झोपतो, दूत पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. उपदेश नाही, झापणं नाही, आधी दोन जेवणं आणि दोन झोपा, बोलणं सगळं त्यानंतर. तुम्ही नाईट शिफ्ट करत असाल आणि वर पहाटे ४ चा हट्ट धरत असाल तर जे होतंय त्याला आध्यात्मिक नाव देण्याची घाई नको. आणि दोन-तीन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडालीय, भूक नाही, जगण्यातच रस नाही असं काही असेल तर सरळ डॉक्टरला दाखवा, त्यात विश्वासाला काहीही कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट तुमचे लीडर. मी त्यांना ओळखत नाही, तुमच्या काळजीनेच बोलले असतील. लपलेलं पाप असू शकतं, हे मी नाकारत नाही. पण माझा अनुभव असा की पवित्र आत्मा जेव्हा एखादी गोष्ट दाखवतो तेव्हा तिला नाव-गाव-पत्ता असतो. अमक्याचे पैसे बुडवले, तमकीबद्दल खोटं बोलले, मोबाईलवर रात्री काय बघतो. ती गोष्ट समोर येऊन उभी राहते आणि पुढे काय करायचं तेही कळतं. नुसतं धुकं, की काहीतरी चुकतंय, कुठेतरी चुकतंय, शोधा अजून शोधा, यातून आजवर कोणी सुधारलेलं मी पाहिलेलं नाही, फक्त माणूस लीडरला चिकटून राहायला लागतो. तेव्हा एक दिवस शांत बसून स्वतःला विचारा, नाव घेता येईल असं काही आहे का. असेल तर कबूल करा आणि निस्तरा. नसेल तर धुक्यात काठी फिरवत बसू नका. (आणि तुमच्या ग्रुपात प्रश्न विचारला की बंडखोर म्हणतात, किंवा प्रत्येक अडचणीचा उपाय शेवटी दानाच्या पाकिटापाशी येऊन थांबतो, असं असेल तर प्रकरण वेगळं आहे, मग ग्रुप बदला.)

आता कोरडेपणाबद्दल. आमच्या भागात रब्बीची ज्वारी असते, शाळू. तुम्ही चिंचवडला असलात तरी हुरडा खायला कधीतरी गेलाच असाल. हुरडा म्हणजे दाणा दुधातून नुकता सरकतोय, कोवळा, गोड, आगटीत भाजून हातावर चोळला की घरदार तुटून पडतं. पण हुरड्याची भाकरी होत नाही आणि तो कणगीत भरून ठेवता येत नाही. पीक आणखी उभं राहतं, ऊन खातं, दाण्यातलं दूध आटतं, दाणा टणक होतो आणि ती गोडी जाते. आता ती गोडी गेली म्हणून कुठला शेतकरी रडत नाही, कारण वर्षभर घर चालतं ते त्या टणक दाण्यावर. तुमचं पहिलं वर्ष हुरड्याचं होतं. ते खोटं नव्हतं बरं का, काही लोक म्हणतात ते नुसतं इमोशन होतं, मी तसं म्हणणार नाही, देवाने दिलेलं होतं आणि छानच होतं. फक्त ते तसंच राहायचं नसतं.

त्याच्याही आधीची एक स्टेज असते, पोटरीची. पीक पोटरीत असतं तेव्हा कणीस आत तयार होत असतं पण वरून बघणाऱ्याला नुसती पानं दिसतात. शहरातला माणूस म्हणेल याला काही लागलेलंच नाही. आणि आत आहे का नाही हे बघायला कोणी पोटरी सोलत बसला तर ते ज्वारीचं ताट गेलंच समजा. मार्कच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात प्रभूचा एक छोटासा दाखला आहे, पेरणाऱ्याच्या मोठ्या दाखल्यानंतर येतो म्हणून लोकांच्या नजरेतून सुटतो. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याचं त्यालाच कळत नाही, आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. मला त्यातलं झोपणं फार आवडतं. तुम्ही दर आठवड्याला स्वतःची पोटरी सोलून बघताय, वाढलो का, वाढलो का, आणि मग घाबरताय.

बरं, भावना भरून येणं हे परिपक्वतेचं माप नाही हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. करिंथची मंडळी बघा. प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पहिल्याच अध्यायात म्हणतो की तुमच्याकडे कुठल्याच कृपादानाची, म्हणजे देवाने दिलेल्या आत्मिक देणगीची, कमी नाही. भाषा बोलणारे होते, भविष्यवाणी करणारे होते, आजच्या भाषेत सांगायचं तर सभा जोरात चालायच्या. आणि दोनच अध्याय पुढे त्याच लोकांना तो म्हणतो, तुम्ही अजून बाळं आहात, मी तुम्हाला दूध पाजलं, जड अन्न तुम्हाला पचलं नसतं आणि आजही पचत नाही. कशावरून? प्रार्थनेचे तास कमी पडले म्हणून नाही. तुमच्यात हेवा आणि भांडणं आहेत, एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा, म्हणून. एवढंच कारण दिलंय त्याने. म्हणजे कृपादानं भरभरून आणि माणूस तान्हा, हे एकाच वेळी होऊ शकतं, आणि मी ते मंडळीत खूप जवळून पाहिलंय, काही वर्षं तर आरशातच पाहिलंय.

ते सांगतेच. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या मंडळ्यांमध्ये कापणीच्या सणाला लोक शेतातलं आणि घरातलं काय काय आणतात, ज्वारीची पोती, भोपळे, कोंबड्या, अंडी, कोणी स्वेटर विणून आणतं, आणि उपासनेनंतर बाहेर मांडवात लिलाव होतो. एक अंडं दोनशे रुपयाला जातं कारण दोन भावांची ईर्षा लागलेली असते, मजा असते. त्या वर्षी हिशोब माझ्याकडे होता आणि संध्याकाळी मोजणी केली तर ३४० रुपये कमी. महिला मंडळाच्या एक बाई होत्या, वयाने मोठ्या, आवाज मोठा, त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, पाळकांच्या घरात साड्या नव्या दिसायला लागल्या. बस एवढंच वाक्य. मी ती रक्कम खिशातून भरली आणि त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं बंद केलं. चार वर्षं.

त्या चार वर्षांत मी काय काय करत होते बघा. पहाटेची प्रार्थना कधी चुकली नाही. संडे स्कूलमध्ये सत्तर वेळा सात क्षमा करा हा धडा दोनदा शिकवला, फ्लॅनेलच्या बोर्डावर चित्रं लावून. दर महिन्याला प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) घ्यायचे आणि घ्यायला जाताना त्या डाव्या बाजूला बसायच्या म्हणून मी उजवीकडून जायचे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या काळात मला प्रार्थनेत रडू यायचं! छान भरून यायचं. मला वाटायचं माझं आणि देवाचं एकदम ठीक चाललंय. त्यामुळे तुम्ही जेव्हा लिहिता की आता रडू येत नाही, काय करू, तेव्हा मला राहून राहून वाटतं की या भल्या माणसाला कसं सांगू, मी रडत होते तेव्हा मी कुठे होते ते.

मिटलं कसं, तर काही दर्शन वगैरे झालं नाही. त्या बाई घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, मुलगा मुंबईला. मिस्टर म्हणाले तू जाऊन ये. मी म्हटलं मंडळातल्या दुसऱ्या कोणी जातील. ते काही बोलले नाहीत, नुसते शर्ट घालून स्वतःच पेजेचा डबा भरायला लागले, आणि त्यांना पेज करता येत नव्हती, भात आणि पाणी एकत्र केलं होतं. ते बघून मला लाज वाटली म्हणा, राग आला म्हणा, मी नीट पेज केली आणि गेले. पाच मिनिटं कोणीच बोललं नाही. मग त्यांनी एक चमचा घेतला आणि म्हणाल्या, मीठ कमी आहे. मी उठून मीठ आणलं. दुसऱ्या दिवशीही गेले. माफी हा शब्द आमच्यात वापरला गेला तो त्यानंतर चांगल्या दीड महिन्याने, आणि आधी त्यांनी वापरला, मी नाही. ते ३४० रुपये कुठे गेले ते आजतागायत कळलेलं नाही.

म्हणून मी परिपक्वता मोजायची झाली तर एकच जागा बघते, माणूस ज्याच्यावर चिडलाय त्याच्याशी कसा वागतो. गलतीकरांच्या पत्रात आत्म्याचं फळ सांगितलंय, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यातल्या बहुतेक गोष्टी खोलीचं दार लावून एकट्याने करताच येत नाहीत. सहनशीलता असायला समोर कोणीतरी सहन करण्यासारखा माणूस लागतो ना. देवाने तो प्रत्येकाला घरातच दिलेला असतो.

आता तुमच्या आईकडे येऊ. तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून, आरतीनंतर आईने प्रसाद पुढे केला, तुम्ही नको म्हणालात, त्यांनी पुन्हा आग्रह केला आणि पाहुण्यांसमोर तुम्ही मूर्तीबद्दल काहीतरी बोललात जे बोलायला नको होतं. प्रसाद घ्यावा की घेऊ नये यावर मी इथे निकाल देणार नाही. पौलाने करिंथकरांना मूर्तीच्या नैवेद्याबद्दल चांगले तीन अध्याय लिहिलेत आणि त्यातही तो पटकन हो-नाही करत नाही, ज्याच्या त्याच्या विवेकबुद्धीचा विचार करायला लावतो, आणि आपल्याकडे ज्यांनी तुमच्यासारखं घर मागे ठेवून बाप्तिस्मा घेतला त्यांच्यातही यावर एकमत नाही. तुमचं मन नको म्हणत असेल तर नका घेऊ. पण नको म्हणण्याचे किती प्रकार आहेत! "आई, मला नको, पण तू दिलेलं जेवण मी पोटभर जेवणार आहे, ये बस माझ्याजवळ", हेही नकोच आहे. तुम्ही जे म्हणालात त्यात देवाची बाजू कमी आणि पाहुण्यांसमोर आपण कसे ठाम आहोत हे दाखवणं जास्त होतं का, ते तुम्हीच बघा. मी तिथे नव्हते. पण २९ व्या वर्षी मीही तेच केलं असतं.

आईच्या बाजूने जरा विचार करा. मुलाने तीन वर्षांपूर्वी काहीतरी घेतलं ज्याचा त्यांना अर्थ लागत नाही, शेजारीपाजारी विचारतात, आणि हा मुलगा पहाटे ४ ला उठून देवाशी बोलतो पण सकाळी ८ ला आईशी बोलत नाही. त्यांना तुमच्या देवाबद्दल कळणार ते फक्त तुमच्या तोंडाकडे बघून, बायबल ॲप बघून नाही.

लक्ष्मीबाई टिळकांचं तर आपल्या सगळ्यांना माहितीच आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत झाला आणि घरावर आभाळ कोसळलं, लक्ष्मीबाई कितीतरी दिवस त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र राहायला आल्या तेव्हाही त्यांनी आपलं सोवळं सोडलेलं नव्हतं. टिळक स्वभावाने तापट, हे लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, पण या एका बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही, त्यांचं सोवळं त्यांना पाळू दिलं. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. नगरला या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकतो आणि सगळे लक्ष्मीबाईंचं कौतुक करतात, करायलाच हवं, पण मला त्या मधल्या पाच वर्षांतल्या टिळकांचं जास्त वाटतं. एवढा मोठा कवी, शब्दांवर एवढी सत्ता, आणि या बाबतीत बायकोवर काही लादलं नाही. तुमच्या आई बाप्तिस्मा घेतील की नाही हे मला माहीत नाही आणि तुम्ही त्या हिशोबाने वागूही नका, नाहीतर त्यांना ते बरोबर कळेल, आयांना कळतं.

वेळेबद्दल पण सांगायला हवं कारण तुम्ही "३ वर्षं होऊनही" असं लिहिलंय, जणू कोर्स संपायला आलाय. पौल दिमिष्काच्या वाटेवर ख्रिस्ताचं दर्शन होऊन पडला त्यानंतर अरबस्तानात गेला आणि यरुशलेमेत पेत्राला, प्रभूच्या शिष्याला, भेटला तो तीन वर्षांनी, म्हणजे तुम्ही आज जिथे आहात तिथे पौलाची पेत्राशी कुठे नुकती ओळख होत होती. खुद्द प्रभूचं बघा, बाराव्या वर्षी मंदिरात शास्त्र्यांना थक्क करून झाल्यावर लूक लिहितो की तो आईबापांबरोबर नासरेथास गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. त्यानंतर सुमारे तिसाव्या वर्षापर्यंत काही लिहिलेलंच नाही, सुतारकाम आणि घर. आणि आपल्या पंडिता रमाबाई, शास्त्र कोळून प्यायलेली बाई, बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात, आणि पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की आठ वर्षांनी मला कळलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून उचलून आणलेल्या त्या शेकडो मुली, शास्त्राचं मराठी भाषांतर, हे सगळं त्यानंतरचं आहे.

आणि एकदा वाढलं की पुन्हा घसरत नाही असंही नाही. पेत्राने कोंबडा आरवायच्या आधी प्रभूला नाकारलं ते सगळ्यांना पाठ आहे, पण अंत्युखियातलं फारसं कोणी सांगत नाही. मंडळीचा खांब झाल्यावर, इतक्या वर्षांनी, काही लोक येणार म्हणून घाबरून तो परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांच्या, पंगतीतून उठला आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. लोक काय म्हणतील, तीच जुनी खोड. मला यातून धीर येतो.

आता करायचं काय. इब्रीकरांच्या पत्रात पाचव्या अध्यायाच्या शेवटी प्रौढ कोण ते सांगितलंय, ज्यांना चांगलं-वाईट ओळखायचा सराव झालाय ते, आणि आपल्या मराठी शास्त्रात तिथे वहिवाट हा शब्द आहे. मला तो शब्द फार पटतो. बांधावरून वहिवाट पडते ती एकदा धावत गेल्याने पडत नाही, रोज पायी गेल्याने पडते, आणि मग अंधारातही पाय बरोबर जातो. म्हणून मी पोरांना कमी सांगते पण रोजचं सांगते.

पहाटे ४ सोडा. तुम्हाला जागं राहता येईल अशी २० मिनिटं धरा, बसच्या प्रवासातली नकोत, एका जागी बसून. तो ३६५ दिवसांचा प्लॅन बंद करा, मार्क घ्या, १६ अध्याय आहेत, एक अध्याय आठवडाभर, रोज तोच, मोठ्याने वाचायचा. पहिले दोन दिवस कंटाळा येतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहीतरी टोचतं. जे टोचलं ते वहीत एक ओळ. सातव्या अध्यायाला पोचाल तेव्हा कुर्बान हा शब्द येईल, हे देवाला अर्पण केलंय म्हणून आईबापांना द्यायला नाही असं म्हणणाऱ्यांवर प्रभू कसा भडकलाय ते वाचा, मी आत्ता काही बोलत नाही. प्रार्थनेत काही वाटत नसेल तर देवाला तसंच सांगा, स्तोत्रकर्त्यांनी सांगितलंय, ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं आणि तरी ते शास्त्रात आहे. शब्द सुचत नसतील तर प्रभूची प्रार्थना हळूहळू म्हणा आणि लोकांची नावं घ्या, पाच नावं, त्यात एक तरी ज्याचा राग येतो त्याचं. त्याला सुधार असं मागू नका, त्याचं भलं कर एवढंच मागा. हे मला सगळ्यात जड गेलं होतं.

मंडळीत एखादं बिनमाईकचं काम घ्या. चटया अंथरणं, कप धुणं, म्हाताऱ्यांना गाडीवरून सोडणं. तुम्ही वर्शिपमध्ये गिटार वाजवता असं लिहिलंय, ते चालू ठेवा, पण त्यात लोक बघतात, आणि बघणारं कोणी नसताना आपण कसे असतो ते कळायला दुसरं काम लागतं. आणि एक मोठं माणूस शोधा, साठीच्या पुढचं, शक्यतो तुमच्या ग्रुपच्या बाहेरचं, ज्याला महिन्यातून एकदा भेटून खरं काय ते सांगता येईल. फार हुशार नसलं तरी चालेल, ऐकून पोटात ठेवणारं हवं.

हे सगळं केलं तरी ते पहिल्या वर्षाचं रडू परत येईल का, तर कदाचित येईल, कधी कधी येतं, एखाद्या जुन्या गीताच्या कडव्याला किंवा कोणाच्या मयतीत, न सांगता. आलं तर आभार माना, त्याच्या मागे लागू नका.

उपवासाचं राहिलं. २१ दिवसांचा आत्ता करू नका, निदान आईशी बोलणं सुरू होईपर्यंत तरी नको. यशयाच्या ५८ व्या अध्यायात उपवास करून भांडत बसणाऱ्यांबद्दल काय म्हटलंय ते एकदा वाचा. पुस्तकांचंही तसंच, सध्या मार्क पुरे, पुस्तकं वाचायला जन्म पडलाय. त्याऐवजी या रविवारी उपासना झाली की ग्रुपबरोबर जेवायला न थांबता घरी जा. भाषण तयार करून जाऊ नका, विश्वासाची साक्ष द्यायलाही जाऊ नका, "त्या दिवशी सगळ्यांसमोर बोललो ते चुकलं माझं" एवढं एक वाक्य बोला आणि त्याच्यापुढे "पण" लावू नका. त्या काही बोलणार नाहीत कदाचित, किंवा मीठ कमी आहे छापाचं काहीतरी बोलतील. मग जे वाढतील ते जेवा, आणि ताट तुम्ही उचला.